रांग आपल्या घरी उभी राहू द्या



पिठाच्या गिरणीत चार पोती गहू घेऊन एखादे गृहस्थ पुढे उभे असले, म्हणजे मागे लहानसा डबा घेऊन आलेल्या बाईंची काय अवस्था होते हे आपणांस सांगावयास नको. समंजस गिरणीवाला मध्येच तो डबा दळून देतो. पोत्यांस दोन मिनिटे उशीर झाला तरी कोणाचे काही बिघडत नाही.

खानापूर तालुक्यातील आमच्या ओळखीच्या एका मावशींचा थोरला मुलगा मस्कतला नोकरीस आहे. रविवारी रात्री त्याचा फोन येतो आणि नेमका तेव्हाच आवाज तुटू लागतो. "फादर, जास्त वेगाचे कनेक्शन घ्यावे काय?" असे त्यांनी विचारले. आम्ही म्हटले, थांबा. त्या वेळी घरात दुसरे कोण काय करीत असते ते आधी पाहू. तेव्हा कळले की धाकटे चिरंजीव लग्नसमारंभांच्या चित्रफिती काढतात आणि त्या गिऱ्हाइकांस पाठविण्यास त्यांनी हीच वेळ निवडली आहे!

त्यांच्या लाइनचा बाहेर जाण्याचा वेग, म्हणजे अपलोड, मोजून पाहता सेकंदास ५ मेगाबिट भरला. साध्या संभाषणास यातील एक दशांश मेगाबिटही सहसा पुरतो. मग आवाज का तुटावा? वेग थोडा होता म्हणून नव्हे, रांग लांब होती म्हणून. मोडेमच्या पोटात येणारा माल थोपवून धरण्याची जागा असते. ती १ मेगाबाइटची धरली, तर त्यात ८ मेगाबिट मावतात (बाइट आणि बिट यांत आठपटीचा फरक आहे, तो विसरून पुष्कळ लोक फसतात). ही जागा चित्रफितीने भरली, की मागून आलेल्या "कसा आहेस, बाळा?" या शब्दांस १.६ सेकंद तिष्ठत राहावे लागते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार संभाषणात एका बाजूचा विलंब ०.१५ सेकंदाच्या आत असावा. या रोगास २०१० च्या सुमारास जिम गेटिस या अभियंत्याने "बफरब्लोट" असे नाव दिले.

उपाय ऐकून मावशींस नवल वाटले. वेग वाढवावयाचा नाही, किंचित कमी करावयाचा! राउटरमध्ये अपलोडची एकूण मर्यादा ५ ऐवजी ४.५ मेगाबिट ठेवावी. मग मोडेमकडे त्यास पेलेल त्याहून थोडेच जाते, तेथे गर्दी साचत नाही आणि रांग राउटरमध्ये उभी राहते. मोडेमच्या रांगेवर आपला अधिकार चालत नाही, राउटरच्या रांगेवर चालतो. कोणास आधी सोडावे ते तेथे सांगता येते.

त्या एकूण मर्यादेखाली प्रत्येक यंत्रास दोन आकडे द्यावे लागतात, एक हमखास वाट्याचा व दुसरा कमाल मर्यादेचा. मावशींच्या फोनला हमखास १, चिरंजीवांच्या संगणकास हमखास २, आणि कमाल दोघांसही ४.५. सर्व हमखास वाट्यांची बेरीज एकूण मर्यादेच्या आत राहिली पाहिजे. शिवाय मावशींच्या फोनला अग्रक्रम वरचा. कित्येक जण प्रत्येकास सरसकट निम्मी कमाल मर्यादा घालून मोकळे होतात. मग सारे घर निजल्यावरही चिरंजीवांस निम्म्याच वेगावर काम करावे लागते, आणि उरलेला वेग वाया जातो.

आमच्या हातून एक चूक झाली, तीही सांगून टाकतो. मायक्रोटिकच्या राउटरात मर्यादेचे आकडे लिहिताना अपलोड आधी आणि डाउनलोड मागाहून असा क्रम आहे. आम्ही तो उलटा घातला व तासभर घर मंदावले! त्याच राउटरात "फास्टट्रॅक" नावाची सोय चालू असेल, तर ती वाहतूक या साध्या रांगांस वळसा घालून जाते आणि मर्यादा घालूनही परिणाम दिसत नाही. ती सोय आधी बंद करावी. डाउनलोडची गोष्ट मात्र निराळी. तेथील रांग कंपनीकडे असते. आपण मर्यादा घातली म्हणजे पाठविणारा हळूहळू आपला वेग आवरतो, इतकेच.

पुढच्या रविवारी मस्कतचा आवाज स्वच्छ आला. धाकट्या चिरंजीवांनी घड्याळ लावून पाहिले होते. अर्ध्या तासाच्या कामास त्यांना तीन-चार मिनिटे अधिक लागली.