बी.ए.ला संगणकाची जोड हवी

पी.यू.सी.चा निकाल लागला, की शैक्षणिक कर्जाची चौकशी करायला पालक बँकेत येऊ लागतात. मुलीला मराठी किंवा इतिहास घ्यायचा असतो, वडिलांना बी.सी.ए. हवे असते. "बी.ए. करून पुढे काय?" हा प्रश्न ते मलाच विचारतात. मी स्वतः बी.कॉम.वाला, तरी सांगतो, की मुलीला बी.ए.च करू द्या. फक्त दुसरा मुख्य विषय म्हणून संगणक उपयोजन मिळते का ते पाहा.

नियमांची आडकाठी फारशी नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीचे १२० श्रेयांक धरले आहेत. त्यातले किमान ४० टक्के, म्हणजे ४८, दुसऱ्या विषयात मिळवले तर दुहेरी मुख्य विषयाची पदवी मिळते. एक पदवी महाविद्यालयात आणि दुसरी दूरशिक्षणाने अशी एकाच वेळी घेण्याची मुभाही आयोगाने २०२२ मध्येच दिली. आपल्या कर्नाटकाने नवे शैक्षणिक धोरण २०२१-२२ मध्ये मोठ्या घाईने आणले आणि २०२४ मध्ये पदवी पुन्हा तीन वर्षांवर नेली. त्यामुळे प्रवेश घेताना त्या वर्षीची विषययादी बघूनच ठरवावे, मागच्या वर्षीच्या मुलांचे ऐकून नव्हे.

आता याची गरज काय? माझ्या टेबलावरचेच उदाहरण घ्या. चव्हाण हे आडनाव मराठीतून कन्नडात जाते, तिथून इंग्रजीत. बापाच्या उताऱ्यावर एक स्पेलिंग, मुलाच्या आधारवर दुसरे, शाळेच्या दाखल्यावर तिसरे. संगणकाला ती तीन वेगळी माणसे वाटतात आणि कर्जाचे प्रकरण अडून बसते. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला आपली आडनावे ठाऊक नाहीत आणि ज्यांना ठाऊक आहेत त्यांना प्रोग्रॅम लिहिता येत नाही!

भाषेचेही तेच. आपल्या वर्णमालेत 'ळ' येतो 'ह'नंतर, पण युनिकोडच्या तक्त्यात तो 'ल'च्या लगेच पुढे बसला आहे. मराठी शब्दांची यादी नुसत्या त्या क्रमाने लावली तर ती चुकते. आपला 'ॲ' स्वतंत्र अक्षर म्हणून युनिकोडमध्ये आला तो थेट २००८ मध्ये. अशा गोष्टी मराठीच्या विद्यार्थ्याच्या चटकन ध्यानात येतात. त्याला जोडीला संगणक आला तर तो त्या दुरुस्तही करील.

आणि सीमालढ्याचे कागद? १९५६ पासूनची निवेदने, ठराव, पत्रके. त्यातले जे जुन्या डी.टी.पी. फॉन्टमध्ये टाइप झाले, ते आज दुसऱ्या संगणकावर उघडले तर निव्वळ चिन्हांचा गोंधळ दिसतो. शोधायला गेलात तर एक शब्द सापडत नाही. महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, तो अजून चालू आहे; आणि आपले पुरावे मात्र कपाटात. ही कागदपत्रे युनिकोडमध्ये आणून गाव, साल, विषय यांप्रमाणे लावायला इतिहास आणि डेटाबेस दोन्ही कळणारी मुले लागतील. पैसे देऊन बाहेरून हे काम करून घेता येईल, पण कोणता कागद महत्त्वाचा हे बाहेरच्याला कोण सांगणार?

तीन महिन्यांच्या क्लासचे सर्टिफिकेट म्हणजे हे शिक्षण नव्हे. टायपिंग आणि एक्सेल आमच्या शिपायालाही येते. मुख्य विषय म्हटला की प्रोग्रॅमिंग, डेटाबेस, वेबसाइट बांधणी आली, प्रयोगशाळेतले तास आले. हे सगळ्यांना झेपेलच असे नाही, तेव्हा सक्ती नको. ज्याला निव्वळ साहित्यच वाचायचे आहे त्याला वाचू द्यावे, त्यात कमीपणा कसला?

खरी अडचण वेळापत्रकाची आहे. मराठीचा तास आणि संगणकाचा तास एकाच वेळी ठेवला, की विषय कागदावर असूनही मुलांना घेता येत नाही. मराठी विभागात मुले येत नाहीत अशी ओरड दरवर्षी आपल्या व्यासपीठावरून होते, त्याच व्यासपीठावर शिक्षणसंस्थांचे संचालकही बसलेले असतात. मंडळाच्या पुढच्या बैठकीत त्यांना विचारावे: मराठी-संगणक आणि इतिहास-संगणक ही जोडी तुमच्या महाविद्यालयात आहे का, प्रयोगशाळेत चालू स्थितीतले संगणक किती, आणि तास वेगवेगळ्या वेळी आहेत का? मिळतील ती उत्तरे प्रवेश सुरू होण्याआधी याच पत्रकात छापावीत.