मेंदूची पत्रिका

आमच्या एका स्नेह्यांनी गेल्या महिन्यात आपल्या मुलाच्या मेंदूचा अहवाल आमच्या पुढ्यात आणून ठेवला. मुलगा नववीत आहे. अहवाल चांगला चाळीस पानांचा, गुळगुळीत कागदावर छापलेला, आणि पानोपानी मेंदूची रंगीत चित्रे. मुलाच्या दहा बोटांच्या ठशांवरून त्याच्या डाव्या मेंदूचे बळ किती टक्के, उजव्याचे किती, तर्कबुद्धी किती आणि संगीताची जाण किती, हे सर्व दशांशचिन्हापुढील दोन अंकांपर्यंत त्यात नमूद केले होते. शेवटच्या पानावर निर्णय होता: ह्या मुलाने गणिताच्या वाटेस जाऊ नये. एवढे भविष्य ऐकण्यासाठी स्नेह्यांनी काही हजार रुपये मोजले होते. हेच गृहस्थ स्वतःच्या लग्नाच्या वेळी, पत्रिका पाहण्याच्या प्रश्नावरून वडिलांशी दोन महिने अबोला धरून बसले होते, ह्याची आम्ही त्यांस आठवण दिली. त्यावर ते शांतपणे म्हणाले, "ते ज्योतिष होते, हे विज्ञान आहे."

मुलगा शेजारीच बसला होता. त्याने आमच्याकडे पाहून विचारले, "सर, मग गणित आता सोडूनच द्यायचे ना?"

स्नेह्यांच्या उत्तराने आम्हांस हसू आले असते. मुलाच्या प्रश्नाने ते आले नाही. म्हणून हा लेख लिहीत आहो.

बोटांचे ठसे ही काही क्षुल्लक वस्तू आहे असे आम्ही म्हणत नाही. ठशांवरून माणूस ओळखण्याची विद्या आपल्याच देशात वाढली. बंगालमध्ये विल्यम हर्शेल नावाच्या अधिकाऱ्याने १८५८ मध्ये एका करारपत्रावर हाताचा ठसा घेतला, आणि १८९७ मध्ये कलकत्त्यास ठशांची स्वतंत्र कचेरी निघाली. परंतु ठसा 'हा कोण' एवढेच सांगतो. 'हा कसा' हे सांगण्याची त्यास शक्ती नाही. आमच्या शब्दावर कोणी विश्वास ठेवावयास नको. फ्रान्सिस गॉल्टनने १८९२ मध्ये ठशांवर ग्रंथ लिहिला. बुद्धी आणि स्वभाव माणूस जन्मतःच घेऊन येतो असे मानणाऱ्यांत ह्या गृहस्थाचा हात धरणारा दुसरा कोणी मिळणे कठीण. ठशांत वंशाची आणि स्वभावाची खूण सापडावी अशी त्याची मनापासून इच्छा होती. त्याने ती शोधली, आणि सापडली नाही असे त्याच ग्रंथात कबूल करून टाकले. ज्या दुकानात गॉल्टनला माल मिळाला नाही, तेथे आमच्या शहरातील एजंटाला तो टक्केवारीसह मिळतो!

काही जन्मजात विकारांत, उदाहरणार्थ डाउन सिंड्रोममध्ये, तळहाताच्या रेषांत आणि ठशांच्या आकृतींत विशेष फरक आढळतो, ही गोष्ट खरी आहे, व डॉक्टरांनी ती विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच नोंदलेली आहे. अहवाल विकणारे हाच धागा पुढे करतात. गर्भावस्थेतील एका मोठ्या बिघाडाची खूण त्वचेवर आणि मेंदूवर दोन्हीकडे उमटते, एवढाच त्याचा अर्थ. त्यावरून निरोगी मुलाचा अनामिकेचा ठसा त्याची संगीताची आवड सांगेल असे म्हणणे म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठणे होय.

पण ह्याहून मोठा दोष पुढेच आहे. बोटावरचा ठसा मूल आईच्या पोटात असतानाच पक्का होतो आणि मरेपर्यंत बदलत नाही. म्हणून तर पोलिसांस त्याचा उपयोग. आणि मेंदूविषयी गेल्या काही दशकांत जे सर्वांत महत्त्वाचे कळले आहे, ते नेमके ह्याच्या उलट आहे. स्पेनचा थोर शास्त्रज्ञ सांतियागो रामोन इ काहाल, ज्यास १९०६ चे नोबेल पारितोषिक मिळाले, तोदेखील प्रौढ मेंदूतील मार्ग एकदा ठरले की ठरले असे मानीत असे. पुढच्या संशोधनाने हे मत पुष्कळ सैल केले आहे. लंडनच्या टॅक्सीचालकास परवाना मिळविण्यासाठी सुमारे पंचवीस हजार रस्त्यांचे जाळे तोंडपाठ करावे लागते. एलेनॉर मॅग्वायर ह्या विदुषीने २००० मध्ये असे दाखविले की, ह्या चालकांच्या मेंदूत स्थलस्मृतीशी निगडित असलेल्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागाचा मागील अंश इतरांपेक्षा मोठा असतो. कोणीही विचारील की, तो भाग मुळातच मोठा असलेले लोक ह्या धंद्यात शिरत असतील, नाही कशावरून? शंका रास्त होती. म्हणून मॅग्वायर आणि त्यांच्या सहकारी कॅथरीन वुलेट ह्यांनी ७९ उमेदवारांचे मेंदू अभ्यासास आरंभ करतानाच तपासून ठेवले आणि काही वर्षांनी पुन्हा तपासले. त्यांपैकी ३९ जण उत्तीर्ण झाले. आरंभी सर्वांचे मेंदू सारखेच होते. शेवटी उत्तीर्ण झालेल्यांचा तो भाग वाढलेला आढळला, अनुत्तीर्णांचा नाही. हा निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. हे लोक शाळकरी मुले नव्हते, संसारी माणसे होती.

दुसरे उदाहरण तर आपल्या लिपीचे आहे. लखनौजवळच्या खेड्यांतील निरक्षर, तिशीच्या आसपासच्या स्त्रियांस सहा महिने देवनागरी वाचावयास शिकविले आणि आधी व नंतर त्यांचे मेंदू यंत्राने पाहिले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असे दिसले की, अक्षरओळखीचा परिणाम मेंदूच्या वरच्या थरावरच थांबला नव्हता. दृष्टीशी संबंध असलेल्या खोलवरच्या, अतिप्राचीन भागांचा दृष्टिकेंद्राशी असलेला मेळही बदलला होता. अवघ्या सहा महिन्यांत! ह्या बायांच्या बोटांचे ठसे मात्र जसेच्या तसे राहिले असणार. जी वस्तू कधीच बदलत नाही, तीस साक्षीला बोलावून, बदलणे हाच जिचा धर्म आहे त्या वस्तूचा कायमचा निवाडा करणारे हे विज्ञान कोणत्या जातीचे, हे वाचकांनीच ठरवावे.

डाव्या-उजव्या मेंदूच्या कथेलाही असेच एक खरे मूळ आहे. पॉल ब्रोका ह्या फ्रेंच वैद्याने १८६१ मध्ये, वाचा गेलेल्या एका रोग्याच्या मरणोत्तर तपासणीत डाव्या गोलार्धातील इजा दाखविली. पुढे अपस्माराच्या उपचारासाठी ज्यांच्या दोन गोलार्धांमधील सेतू कापावा लागला, अशा रोग्यांवर रॉजर स्पेरी ह्यांनी प्रयोग केले आणि त्यासाठी त्यांस १९८१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. दोन गोलार्धांची कामे काही बाबतींत वेगळी असतात, हे सत्य. पण 'हा मुलगा डाव्या मेंदूचा, ती मुलगी उजव्या मेंदूची' अशी माणसांची वाटणी स्पेरींच्या प्रयोगांतून निघत नाही. युटा विद्यापीठातील संशोधकांनी ७ ते २९ वर्षे वयाच्या १,०११ जणांच्या मेंदूंच्या प्रतिमा ह्याच दृष्टीने पाहिल्या, आणि असे दोन प्रकारचे लोक त्यांस आढळले नाहीत. ही २०१३ ची गोष्ट. सेतू शाबूत असलेल्या माणसाचे दोन्ही गोलार्ध एका संसारातील नवराबायकोप्रमाणे अहोरात्र परस्परांशी बोलत असतात. (नवराबायकोंच्या बाबतीत अतिशयोक्ती झाली असल्यास क्षमा असावी.)

मग सुशिक्षित माणसे फसतात कशी? येल विद्यापीठात एक प्रयोग झाला. तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. मानवी वर्तनाची काही स्पष्टीकरणे, चांगली आणि भिकार, लोकांस वाचावयास दिली. त्यांतील काहींत 'मेंदूच्या अमुक भागात हालचाल दिसली' असे एक अप्रस्तुत वाक्य घुसडले होते. सामान्य वाचकांस आणि विद्यार्थ्यांस, तेवढ्या वाक्याने भिकार स्पष्टीकरणेही समाधानकारक वाटू लागली. तज्ज्ञांस मात्र ती वाटली नाहीत. मेंदूचे रंगीत चित्र हे आमच्या काळातील भगवे वस्त्र झाले आहे. ते पाहिले की हात आपोआप जोडले जातात. ह्या चित्रांची खुद्द शास्त्रज्ञांनीच केलेली थट्टाही आमच्या स्नेह्यांनी ऐकावी. अमेरिकेतील क्रेग बेनेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूच्या प्रतिमा घेणाऱ्या यंत्रात एक मेलेला सामन मासा ठेवला, त्यास माणसांची छायाचित्रे दाखविली आणि त्या माणसांच्या मनात कोणत्या भावना आहेत असा प्रश्न केला. संख्याशास्त्रातील आवश्यक दुरुस्ती न करता हिशेब मांडला, तेव्हा माशाच्या मेंदूत विचार चालू असल्याचे ठिपके उमटले! २००९ साली त्यांनी हे जाहीर केले, ते आपल्याच व्यवसायबंधूंचे कान उपटण्यासाठी. खरे विज्ञान हे असे स्वतःवर पहारा ठेवते. चाळीस पानी अहवालात शंकेचे एक वाक्य आम्हांस सापडले नाही.

आमचा आक्षेप केवळ खोटेपणावर असता तर तो ग्राहकांच्या तक्रारींचा विषय झाला असता. ह्या सर्व व्यवहारात मुलाला कोणी काही विचारीत नाही, हे आम्हांस अधिक लागते. वाचताना अडखळणारी, अंकांत गोंधळणारी मुले असतात. तो दोष खरा असतो आणि त्यावर उपायही असतात. पण त्यासाठी तज्ज्ञ मानसशास्त्रज्ञ मुलाशी बोलतो, त्याच्याकडून वाचवून घेतो, गणिते करवून घेतो, तो कोठे चुकतो ते पाहतो. येथे मुलाने फक्त बोटे पुढे करावयाची. ह्याच धंद्याचे दुसरे भावंड म्हणजे 'मध्य-मेंदू जागृती'चे वर्ग. डोळ्यांवर पट्टी बांधून मूल पुस्तक वाचते, आईबाप टाळ्या वाजवितात. मूल नाकाजवळच्या फटीतून पाहत असते. ते त्यास ठाऊक असते, शिकविणाऱ्यास ठाऊक असते. ठाऊक नसते ते फी भरणाऱ्यास. दहा वर्षांच्या मुलाला आपल्याच आईशी लबाडी करावयास लावून वर तिच्याकडून शाबासकी मिळवून द्यावयाची, ह्याला शिक्षण म्हणत असतील तर आम्ही उगाचच तीस वर्षे वर्गात खडू झिजविला.

माणसाला न विचारता त्याच्या मेंदूला बोलते करण्याचा हा हव्यास घरापुरताच राहिला आहे असेही नाही. जून २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खुनाच्या खटल्यात आरोपींस दोषी ठरविताना अशाच एका चाचणीचा आधार घेतला होता. डोक्यास विद्युत्-अग्रे लावून आरोपीस गप्प बसवावयाचे, गुन्ह्याची वाक्ये त्यास ऐकवावयाची, आणि मेंदूत उठणाऱ्या लहरींवरून ती कृती त्याने 'अनुभवली' आहे की नाही हे ठरवावयाचे, असा तो प्रकार. जगभरच्या शास्त्रज्ञांनी त्यावर भुवया उंचावल्या. पुढे ५ मे २०१० रोजी 'सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य' ह्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, अशी चाचणी संमतीवाचून कोणावरही लादता येणार नाही; स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती कोणावर होऊ नये ह्या घटनेतील हमीचा तो भंग होतो. म्हणजे खुनाचा आरोप असलेल्या माणसाच्या मेंदूलाही गप्प राहण्याचा अधिकार आहे. नववीतल्या मुलाला तो नाही! त्याची दहाही बोटे त्याच्याविरुद्ध साक्ष देतात, उलटतपासणी होत नाही, आणि निकाल लावणारे न्यायाधीश म्हणजे त्याचे जन्मदाते.

'अहो, निदान मुलाचा कल तरी कळला,' असे स्नेही म्हणत होते. कल कळावयास मुलाबरोबर बसावे लागते, आणि त्यास वेळ लागतो. तो वेळ वाचविण्याची ही किंमत आहे, हे बोलणे त्यांस कडू लागले. तरीही आम्ही ते बोललो, आणि मग मुलाला जवळ बसवून घेतले. पाव तासाच्या गप्पांत इतके कळले की, सहावीत असताना विषमज्वराने तो दीड महिना शाळेत नव्हता, आणि अपूर्णांकांचा सगळा भाग त्या दीड महिन्यात होऊन गेला होता. तेव्हापासून भागाकार आला की तो शेजाऱ्याच्या वहीत पाही. हे त्याने घरी कधी सांगितले नव्हते. घरी कोणी विचारलेही नव्हते.

अहवाल स्नेही परत घेऊन गेले. मुलगा हल्ली मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी आमच्याकडे येतो. अपूर्णांक संपले; दशांश चालू आहेत, आणि दिवाळीनंतर बीजगणितास हात घालावयाचा आहे.