आवडता देश आणि उतारवय

निवृत्तीनंतर कोठे राहावे, हा प्रश्न नोकरी करणाऱ्या प्रत्येकापुढे केव्हा ना केव्हा उभा राहतो. छत्तीसगडमधील भिलाई नगरात त्याला विशेष धार असते. येथील पोलाद कारखान्यातील कर्मचारी साठाव्या वर्षी निवृत्त होतात आणि नोकरीबरोबरच बहुतेकांना कंपनीचे घरही सोडावे लागते. ज्या सेक्टरमध्ये संसार फुलला, तेथील उंबरठा एके दिवशी परका होतो. मुले अनेकदा दूरदेशी स्थिरावलेली असतात. अशा वेळी, पूर्वी पाहिलेला आणि मनात घर करून राहिलेला एखादा परदेशच उत्तरायुष्यासाठी का निवडू नये, असा विचार काहींच्या मनात येतो.

या विचारात मुळीच गैर नाही. उतारवयात दूर जाऊन राहण्याची कल्पना आपल्याला नवी नाही. एके काळी महाराष्ट्रातील अनेक वृद्ध काशीवासाला जात. परंतु काशीत त्यांच्यासाठी मराठी माणसांचे वाडे होते, अन्नछत्रे होती, त्यांची भाषा जाणणारे शेजारी होते. म्हाताऱ्या माणसाला सांभाळून घेणारी व्यवस्था तेथे आधीपासून उभी होती. आवडत्या परदेशात अशी व्यवस्था आपल्यासाठी आहे काय, हा पहिला प्रश्न होय.

भिलाई हे नगरच मुळी स्थलांतरितांनी वसवलेले आहे. 1955 साली भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला आणि 1959 च्या फेब्रुवारीत राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. विदर्भातून आणि देशाच्या इतर भागांतून माणसे येथे आली आणि परकी भूमी त्यांची झाली. मात्र ती माणसे तरुण होती. त्यांनी येथे घाम गाळला, शेजार जोडला, मुलांना शाळेत घातले. परकी भूमी आपली होते ती श्रमाने आणि सहवासाने. साठीनंतर जाणाऱ्याजवळ उमेद असली, तरी तेवढी वर्षे आणि तेवढे बळ असतेच असे नाही.

शिवाय ज्या देशावर आपले प्रेम असते, तो बहुधा आपल्या तारुण्यातील देश असतो. भिलाईच्या उभारणीच्या काळात येथील शेकडो अभियंते व तंत्रज्ञ प्रशिक्षणासाठी सोव्हिएत संघात गेले होते. तेथील बर्फ, तेथील माणसांचा जिव्हाळा यांच्या आठवणी अनेकांनी जन्मभर जपल्या. त्या स्नेहाची खूण म्हणून भिलाईत आजही मैत्रीबाग उभी आहे. परंतु तो सोव्हिएत संघच 1991 च्या डिसेंबरमध्ये विसर्जित झाला. पुढच्याच वर्षी रशियात महागाई इतकी भडकली की किमती वर्षभरात सुमारे सव्वीसपट झाल्या. आयुष्यभर साठवलेली रूबलमधील पुंजी मातीमोल झाली आणि त्याची सर्वाधिक झळ तेथील वृद्धांना बसली. आठवणीतला देश बदलत नाही, नकाशावरचा बदलतो.

आवडता देश आपल्याला कोणत्या नात्याने ठेवून घेईल, हेही पाहिले पाहिजे. थायलंडमध्ये पन्नाशी उलटलेल्या परदेशी माणसाला निवृत्त म्हणून राहता येते. परंतु त्यासाठी बँकेत 8 लाख बाट ठेवणे हा एक मार्ग आहे, परवानगी दरवर्षी वाढवून घ्यावी लागते आणि तेथे नोकरी करता येत नाही. कॅनडात स्थायिक झालेल्या मुलांकडे आई-वडिलांना विशेष व्हिसावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येते. मात्र त्यांचा आरोग्य विमा आधी उतरवावा लागतो. परदेशाचे नागरिकत्व स्वीकारले, तर भारतीय नागरिकत्व संपुष्टात येते, कारण आपला कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही. 2005 पासून भारतात परत येऊन राहण्याची विशेष सवलत अशा लोकांना मिळू लागली. पण तीत मतदानाचा हक्क नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही.

पैशाचा हिशोबही भावनेने होत नाही. 2000 साली एका डॉलरला सुमारे 45 रुपये पडत. 2024 च्या अखेरीस सुमारे 85 पडू लागले. ज्याची पुंजी रुपयांत आणि खर्च डॉलरमध्ये, त्याचे अंथरूण पाय न पसरताही आखूड होत जाते. आजारपणाची गोष्ट तर याहून गंभीर आहे. अमेरिकेत वृद्धांसाठी सरकारी आरोग्य विमा आहे. परंतु तेथे कधीच नोकरी न केलेल्या परक्या माणसाला तो पासष्टीनंतर आणि कायमचा रहिवासी म्हणून सलग पाच वर्षे राहिल्यावरच घेता येतो, तोही दरमहा हप्ता भरून. भिलाईत सेक्टर 9 च्या रुग्णालयाचा रस्ता अंधारातही सापडतो; परक्या देशात छातीत कळ आली, तर ती सांगायला शब्दही शोधावे लागतात.

तरीही या सर्वांहून मोठी कसोटी निराळीच आहे. परदेशी राहण्याचा बेत सहसा दोघांचा असतो. पण दोघांचा प्रवास एकाच दिवशी संपत नाही. पती-पत्नींपैकी एक मागे उरेल, तेव्हा त्या एकट्या जीवाला तो देश सोसेल काय? नोकरीच्या निमित्ताने परकी भाषा बहुधा एकालाच येते. बँकेचे व्यवहार, गाडी चालवणे हेही त्याच्याच हाती असते. उद्या हे सारे दुसऱ्यावर आले तर? अनेक घरांत हा प्रश्न विचारलाच जात नाही, कारण तो अशुभ वाटतो. वास्तविक बेताचा आरंभ याच प्रश्नापासून व्हायला हवा आणि त्यात पत्नीचा शब्द पतीच्या शब्दाइतकाच वजनदार असायला हवा.

म्हणून ज्यांना जायचे आहे, त्यांनी जरूर जावे. पण आधी त्या देशात पाहुणे म्हणून नव्हे, तर रहिवासी म्हणून सहा महिने राहून पाहावे. सहलीच्या ऋतूत नव्हे, तर तेथील सर्वांत कठीण ऋतूत राहावे. भारतातील घर घाईने विकू नये आणि परतीच्या प्रवासापुरती तरी रक्कम बाजूला ठेवावी. दुरून डोंगर साजरे दिसतात. त्यावर चढून राहणाऱ्याने पाणी कोठे आहे, हे आधी पाहून ठेवावे. दोघांना आवडणारे देश जगात पुष्कळ सापडतील. उतारवयासाठी मात्र तोच देश निवडावा, जेथे मागे उरलेले एक माणूसही निर्धास्तपणे जगू शकेल.