दृष्टीआडची सृष्टी

नवा प्राणी शोधावयाचा तर दूरच्या निबिड अरण्यातच गेले पाहिजे, असा आपला समज असतो. ठाण्याच्या परिसरातील एका चिमुकल्या कोळ्याने तो खोटा ठरविला आहे. लक्षावधी माणसांची जेथे अहोरात्र वर्दळ असते, तेथेच हा जीव नांदत होता. परंतु शास्त्राच्या दप्तरी त्याची नोंद झाली ती २०२१ साली! संशोधकांनी त्याचे नाव ‘आयसियस तुकारामी’ असे ठेवले. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला करणाऱ्या एका दहशतवाद्याची बंदूक घट्ट धरून ठेवून ज्यांनी प्राणार्पण केले, त्या तुकाराम ओंबळे या शूर पोलीस अधिकाऱ्याचे हे स्मरण होय.

हा कोळी उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्या कुळातील आहे. या कुळातील कोळी भक्ष्य पकडण्यासाठी जाळे विणीत नाहीत. आठ डोळ्यांपैकी समोरचे दोन मोठे डोळे भक्ष्यावर रोखून ते झेप घेतात आणि झेपेपूर्वी आपल्या तंतूचे टोक आधाराला चिकटवून ठेवतात. असे हे कुशल शिकारी. पण बहुतेकांची लांबी काही मिलिमीटरच असल्याने ते आपल्या नजरेत भरत नाहीत. त्यातून काही जाती एकमेकींसारख्या इतक्या दिसतात की, सूक्ष्मदर्शक यंत्राखाली त्यांचे अवयव तपासल्याखेरीज त्यांतील भेद कळत नाही.

जगात आजवर कोळ्यांच्या ५०,००० हून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत, आणि ही यादी अजून पुरी झालेली नाही. म्हणूनच गावाबाहेरच्या झुडपाळ जमिनीस ‘पडीक’ म्हणून मोकळे होण्याची आपली सवय मला घातक वाटते. माणसाला घरे हवीत, रस्तेही हवेत, हे खरे. कोळ्यासाठी माणसाने उघड्यावर राहावे, असे कोणीही म्हणणार नाही. परंतु कुऱ्हाड चालविण्यापूर्वी तेथे कोण राहते, एवढे तरी पाहावयास नको काय? ज्याचे नावच आपणांस ठाऊक नाही, तो कायमचा नाहीसा झाला तरी त्याची हळहळ कोणास वाटणार?

हे पाहण्याचे काम केवळ शास्त्रज्ञांचे नव्हे. शाळेच्या कुंपणावर, अंगणातील तुळशीवर, भिंतीच्या भेगेत कोळी असतातच. त्यांवर केरसुणी उगारण्यापूर्वी क्षणभर थांबावे, रंग-रूप न्याहाळावे, स्थळ व दिवस वहीत टिपून ठेवावा. आपल्या भूमीवर प्रेम करावयाचे, तर तिच्या लहानात लहान रहिवाशाचीही ओळख करून घेतली पाहिजे.