पुठ्ठ्याचे नांगर

थोर उद्योजकांची ओळख विद्यार्थ्यांस ‘प्रकल्पा’च्या द्वारे करून देण्याचा प्रघात अलीकडे शाळांतून पडला आहे. धडा घोकण्यापेक्षा मुलाने हाताने काही करावे, हे तत्त्व आम्हांस सर्वस्वी मान्य आहे; आमचा आक्षेप आहे तो त्या तत्त्वाच्या नावावर जे खपविले जाते त्यावर. लक्ष्मणराव किर्लोस्करांवरील असे काही प्रकल्प आमच्या पाहण्यात आले. चकचकीत कागदाच्या महिरपी, दुकानातून विकत आणलेली चित्रे, पुठ्ठ्याचा रुपेरी नांगर! लक्ष्मणरावांनी काय केले, असे विचारता ‘खूप कष्ट केले’ एवढेच उत्तर मिळाले. कोणते कष्ट, हे मुलांना कोणी सांगितलेच नव्हते. आणि नांगर बहुधा मातोश्रींनी केला होता.

वास्तविक या चरित्रात रंगापेक्षा लोखंड अधिक आहे. १८६९ साली जन्मलेले लक्ष्मणराव चित्रकलेसाठी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, आणि रंग नीट ओळखता येत नाहीत म्हणून त्यांना ती कला सोडावी लागली. (रंगीत तक्त्यांनी त्यांचे स्मरण करणाऱ्यांस ही गोष्ट ठाऊक असती तर बरे झाले असते.) मग ते यंत्ररेखाटन शिकले, व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेत शिक्षक झाले, तेथे बढतीत डावलले गेले आणि बेळगावी सायकलींच्या दुकानात आले. पुढे लोखंडी नांगर केला, तर लोखंडाने जमिनीला विष चढते म्हणून शेतकरी तो घेईना! पहिले गिऱ्हाईक मिळण्यास दोन वर्षे लागली. बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी आश्रय दिला, आणि १९१० साली निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली.

ती दोन वर्षे हाच खरा प्रकल्प होय. एका मुलाने कारखान्याचा हिशेबनीस व्हावे: अंगणात नांगर पडून आहेत, लोखंडाचे पैसे द्यावयाचे आहेत, मजुरी तुंबली आहे, आता कर्ज कोणाकडे, कशाच्या तारणावर मागावे? दुसऱ्याने शेतकऱ्याची बाजू मांडावी. तो शेतकरी निव्वळ अडाणी होता काय? लाकडी नांगर मोडला तर बलुत्यावर काम करणारा गावचा सुतार तो दुरुस्त करी. हा लोखंडी मोडला तर कोणाच्या दारी जावे? तिसऱ्याने ओतकाम करणाऱ्या कामगाराच्या तोंडून बोलावे. आम्ही पाहिलेल्या प्रदर्शनांत मालकाचा वेष घेणारी मुले पुष्कळ होती. साच्यात तापलेला रस ओतणारा मात्र एकही नव्हता, आणि त्याची उणीव कोणाला भासलीही नाही.

दहा वर्षांच्या मुलाला हे काय कळणार, असे काही शिक्षकबंधू म्हणतील. गोट्यांचा सौदा करताना आणि वाण्याकडील उधारी आणताना ज्याला सर्व कळते, त्याला वर्गात आल्याबरोबर काहीच कळेनासे होते, हे आम्हांस पटत नाही. भांडवलदारांची स्तोत्रे शाळेत नकोत, असे दुसरा पक्ष म्हणतो. स्तोत्रे आम्हांसही नकोत. पण सध्याचे हे तक्ते स्तोत्रांहून निराळे कोठे आहेत? हिशेबाची वही मांडली म्हणजे नफा कोठून आला आणि मजुरी किती गेली हे प्रश्न मूल आपण होऊन विचारील, आणि त्यांची उत्तरे देणे गुरुजींना जड जाईल.

कदाचित म्हणूनच पुठ्ठा सोयीचा वाटत असावा. पुठ्ठा प्रश्न विचारीत नाही, पालकसभेच्या दिवशी शोभून दिसतो आणि त्याला गुण देणे सोपे असते. सुबकतेचे गुण एक वर्ष बंद करून पाहावेत, एवढीच आमची मागणी आहे. त्या वेळात वर्गास जवळच्या ओतशाळेत एक दुपार नेता येईल, आणि त्याची परवानगी मिळविणे हे मुख्याध्यापकांस एका पत्राचे काम आहे.