दाखला आणि निरोप

शाळा बदलणे ही वडीलधाऱ्यांच्या दृष्टीने कागदपत्रांची बाब असते. अर्ज लिहावयाचा, राहिलेली फी चुकती करावयाची, शाळा सोडल्याचा दाखला घ्यावयाचा आणि तो दुसऱ्या शाळेच्या कारकुनापुढे ठेवावयाचा, की काम आटोपले! ज्याची शाळा बदलते त्या मुलाला या साऱ्या व्यवहारात कोणी काही विचारीत नाही. बदली वडिलांची, निर्णय आईवडिलांचा, सही मुख्याध्यापकांची. मुलाचे काय ते एवढेच, की उद्यापासून त्या बाकावर त्याने बसावयाचे नाही.

भुसावळहून खांडव्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर रावेर मागे पडले, की थोड्याच वेळात बुऱ्हाणपूर येते. मराठी वाचकाला हे गाव मोगलांचे दक्षिणेतील ठाणे म्हणून, १६८१ साली संभाजीराजांच्या फौजेने लुटलेले श्रीमंत शहर म्हणून ठाऊक असते. आज ते मध्य प्रदेशातील एका जिल्ह्याचे मुख्य ठिकाण आहे. २००३ साली पूर्व निमाडमधून हा जिल्हा वेगळा काढण्यात आला. याच जिल्ह्यात नेपानगर आहे. वर्तमानपत्राच्या धंद्यातील माणसाला या नावाची ओळख करून द्यावी लागत नाही, कारण वृत्तपत्री कागद बनविणारा देशातील पहिला कारखाना तेथे उभा राहिला आणि १९५६ साली पंडित नेहरूंनी तो राष्ट्राला अर्पण केला. कारखान्याभोवती वसाहत झाली. पुढे परदेशी कागदाशी स्पर्धा आली, यंत्रे जुनी झाली, तोटा वाढला. २०१६ साली उत्पादन थांबले, ते २०२२ साली पुन्हा सुरू झाले. पण पूर्वीच्या मानाने कामगारांची संख्या फारच थोडी राहिली.

अशा वसाहतीत घर नोकरीबरोबर मिळते आणि नोकरीबरोबर जाते. स्वेच्छानिवृत्तीच्या रकमेचा हिशेब मांडला जातो, आणि मांडलाच पाहिजे. परंतु वर्गातील हजेरीपटावरून एकामागून एक नावे कमी होतात, त्यांचा हिशेब कोणत्याही ताळेबंदात नसतो. जाणारे मूल निदान नव्या गावाच्या कुतूहलात असते. मागे राहिलेल्याला तेही नाही. सुट्टी संपवून ते वर्गात येते आणि शेजारची जागा रिकामी दिसते. मित्र कोठे गेला, का गेला, पुन्हा भेटेल काय, हे त्याला सांगण्याची कोणास गरज वाटलेली नसते.

बुऱ्हाणपूरच्या बाबतीत याला आणखी एक पदर आहे. भाषावार राज्यरचनेत हे गाव मध्य प्रदेशात राहिले. घरातली मराठी मात्र सीमेपाशी थांबली नाही. तेथून जळगावकडे येणाऱ्या किंवा जळगावहून तिकडे जाणाऱ्या मुलाची शाळा बदलते तेव्हा शिकण्याची भाषाही बहुधा बदलते. लिपी तीच, म्हणून वडील माणसे निर्धास्त असतात. पण आपण ज्याला सत्तेचाळीस म्हणतो, ते हिंदी शाळेत सैंतालीस होते. एकोणसाठचे उनसठ होते. कालपर्यंत पाढे घडाघडा म्हणणारा मुलगा आज अडखळतो, वर्ग हसतो, आणि तो मुलगा हात वर करणेच सोडून देतो. त्याला गणित येत नाही असा शेरा मारला जातो. वास्तविक त्याला गणित येत असते; ते कोणत्या भाषेत येते हे विचारावयाचे राहून गेलेले असते.

हे दूरच्या गावाचे दुखणे म्हणून सोडून देण्याचे कारण नाही. आपल्या गोव्यात बहुतेक सरकारी प्राथमिक शाळा चौथीपर्यंतच आहेत. मराठीत किंवा कोंकणीत शिकलेले नऊदहा वर्षांचे मूल पाचवीला हायस्कुलात जाते, तेथे इंग्रजी माध्यम असते आणि लिपीही निराळी. माध्यमाच्या प्रश्नावर या राज्यात मोर्चे निघाले, सरकारे अडचणीत आली. परंतु त्या मुलाला उंबरठ्यावरून पलीकडे हात धरून कोणी न्यावे, यावर फारसे कोणी बोलले नाही. आम्हांस तर अशी शंका येते, की मुलांच्या भाषेविषयी जितके बोलले गेले तितके मुलांशी बोलले गेले नाही.

कायद्याने आपले काम केले आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या पाचव्या कलमानुसार मुलाला कोणत्याही कारणास्तव राज्यात वा राज्याबाहेर शाळा बदलावी लागली, तर मुख्याध्यापकाने दाखला तत्काळ द्यावयाचा आहे. दाखला उशिरा आला एवढ्यावरून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, आणि तो अडवून धरणारा शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र ठरतो. तरतूद चांगली आहे आणि प्रत्येक पालकाला ती ठाऊक असावी. परंतु दाखल्यावर जन्मतारीख असते, वर्तन ‘चांगले’ असते. मूल कशाने खुलते आणि कशाला बिचकते, याची नोंद करावयास त्यावर जागा नसते.

साने गुरुजी कोकणातले, पालगडचे. दापोलीची शाळा सोडून ते औंधला गेले, तेथून पुण्यास. शिक्षणासाठी परमुलखात एकटे पडणे म्हणजे काय हे त्यांना ठाऊक होते. १९२४ साली ते खानदेशात अमळनेरला शिक्षक झाले आणि तेथील छात्रालय त्यांनी हाती घेतले, तेव्हा घर सोडून आलेल्या मुलांचे अंथरूण-पांघरूण आवरण्यापर्यंतची कामे त्यांनी केली ती काही उगाच नव्हे. १९३० साली सत्याग्रहासाठी त्यांनी नोकरी सोडली. प्रत्येक शिक्षकाकडून गुरुजींची अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. आजच्या शिक्षकाच्या डोक्यावर जनगणनेपासून निवडणुकीपर्यंतची ओझी आहेत.

पण जे मागावयाचे ते फार थोडे आहे. दहावीच्या मुलांना निरोप समारंभ, हार, छायाचित्र हे सारे मिळते. अधेमध्ये जाणाऱ्या तिसरीतल्या मुलीला निदान एक तास मिळावा. वर्गाने तिच्या वहीत नावे लिहावीत, पत्ते लिहावेत, बाईंनी ती कोठे जाणार हे नकाशावर दाखवावे. तिला रडू आले तर ‘रडतेस काय, नवीन मैत्रिणी मिळतील’ असे म्हणून ते दाबू नये. मैत्रिणी मिळतीलही, पण गेलेली मैत्रीण गेलेलीच असते. घरीही बदलीची वार्ता सामान बांधावयास काढल्यावर नव्हे, त्यापूर्वी मुलांच्या कानी घालावी.

आणि वर्गशिक्षकाने नव्या शाळेच्या शिक्षकास चार ओळींची चिठ्ठी लिहावी: घरची भाषा कोणती, वाचन कोठवर आले, कशाची भीती वाटते. राज्याच्या शिक्षण खात्याने निदान चौथीपुरते एक परिपत्रक काढावे आणि वर्ष संपण्यापूर्वी प्रत्येक प्राथमिक शाळेतील मुलांना त्यांच्या भावी हायस्कुलात अर्धा दिवस नेऊन आणण्याची सोय करावी. तेथील वर्ग, पाण्याचा नळ, स्वच्छतागृह आणि पाचवीचे शिक्षक त्यांना आधी पाहू द्यावेत. त्याला लागणारा खर्च बसच्या भाड्याएवढा आहे.