खिडकीतलं बंदर

यवतमाळचा कापूस आपल्याआधी समुद्रापर्यंत पोचला. शकुंतला रेल्वेनं गाठी मूर्तिजापूरला जायच्या, तिथून मोठ्या लाइनीनं थेट मुंबई. नागपुरात १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू करणाऱ्या जमशेटजी टाटांनीच अपोलो बंदरावर ताजमहाल हॉटेल बांधलं. ते उघडलं १९०३ मध्ये. समोरचं गेटवे ऑफ इंडिया १९२४ चं.

आपली माणसं मुंबईला जातात ती कामापुरती. आमदार निवासात पथारी, मंत्रालयात खेटे आणि रात्रीची गाडी. पण एक रात्र तरी कुलाब्यात, बंदराकडे खिडकी असलेल्या खोलीत काढावी, असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी ताजच हवं असं नाही. त्याच किनाऱ्यालगत लहान हॉटेलंही आहेत. सकाळी समोर मांडव्याच्या लाँचा, नांगरलेल्या होड्या, आणि मागे कॉजवेवर वर जाणाऱ्या शटरांची खडखड. चहा घेत हे बघत बसणं म्हणजे चैन नव्हे, तो आपलाही हक्क आहे.

या पर्यटन विशेषांकाच्या निमित्तानं एवढंच सांगणं: मुलांना सोबत न्या, खोली ठरवताना समुद्राकडचीच मागा, आणि घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात हे ध्यानात ठेवा.